१९७४ चा पीटरबिल्ट ३५९, १/२५ मध्ये: आधी मालक ठरवा, मग क्रोम

टपरीवरचा इंजिनिअर

मंडळी, नवीन काम काढलंय. एएमटी कंपनीचं १/२५ मापाचं प्लास्टिक किट, पीटरबिल्ट ३५९ या अमेरिकन ट्रकचं. स्प्रू (सुटे भाग अडकलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) साबणाच्या पाण्यात धुवून वाळत घातलेत, तोवर डोक्यात काय आहे ते लिहून टाकतो.

कस्टम ट्रक म्हटलं की बॉनेटवर ज्वाळा, छतावर दिव्यांची माळ आणि जिकडेतिकडे क्रोम असंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात हे ट्रक कारखान्यातूनच गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बांधून यायचे. केबिन तेवढी पीटरबिल्टची. इंजिन कमिन्स, कॅटरपिलर की डेट्रॉइट, गिअरबॉक्स फुलर की स्पायसर, मागचे ॲक्सल रॉकवेल की ईटन, चासी किती लांब, हे सगळं घेणारा ठरवायचा. त्यामुळे एका रांगेत उभे असलेले दोन ३५९ सारखे असतीलच असं नाही. मॉडेल कस्टम करायचं तर पहिला प्रश्न रंगाचा नाहीच. हा ट्रक कोणी घेतला आणि कशासाठी घेतला, ते आधी ठरलं पाहिजे.

माझा मालक ठरलाय. कॅलिफोर्नियाचा, एकाच गाडीचा धनी, स्वतःच चालवतो. सॅलिनास खोऱ्यातून लेट्यूस भरायचं आणि रीफर (थंड ठेवणारा) ट्रेलर जोडून पूर्वेकडे पळायचं. त्या काळी आंतरराज्य मालवाहतुकीला आयसीसी या केंद्रीय आयोगाचा परवाना लागायचा आणि तो मिळवणं सोपं नव्हतं, पण प्रक्रिया न केलेल्या शेतमालाला सूट होती. म्हणून एकट्या माणसाला भाजीपाल्याचा धंदा जमायचा. तर गाडीवर हप्ता आहे, माल नाशवंत आहे, वाटेत रॉकी पर्वत आहे. आता याने पैसे कशावर घातले असतील?

माझं उत्तर असं: कमिन्स एनटीसी-३५०, फुलरचा १३ गिअरचा रोडरेंजर, ३६ इंची स्लीपर (केबिनमागची झोपायची खोली), २५० इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), दोन्ही बाजूंना मोठ्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची चाकं. चाकं चकचकीत दिसावीत म्हणून नव्हेत. १९७४ संपेपर्यंत केंद्रीय कायद्याने आंतरराज्य महामार्गावर भरलेल्या गाडीचं एकूण वजन ७३,२८० पौंड, म्हणजे साधारण ३३ टनांच्या वर नेता येत नसे. ८०,००० पौंडांची मुभा नंतर आली. गाडीचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त. पीटरबिल्टची केबिन ॲल्युमिनियमची असण्यामागेही हाच हिशोब.

सूचना करा. फोटो पुढच्या प्रतिसादात टाकतो.

भोचक भवानी

मी पयली! एक बाळबोध शंका. एवढी मेहनत अमेरिकन ट्रकवर कशाला? आपल्या टाटाने काय घोडं मारलंय?

टपरीवरचा इंजिनिअर

भवानीताई, टाटाने काहीच नाही मारलं. जमशेदपूरला १९५४ पासून टाटांच्या टेल्कोने आणि डाइमलर-बेंझने मिळून काढलेले ते गोल नाकाचे ट्रक माझेही लाडके आहेत. पण त्यांचं या मापातलं किट मला कुठे दिसलेलं नाही. सगळं शीटमधून कापून करावं लागेल. तो धागा वेगळा.

अटकेपार

वा! मी इलिनॉयला असतो. आयोवात वॉलकॉटला आय-८० महामार्गाच्या कडेला तो अवाढव्य ट्रक स्टॉप आहे, त्याच्या आवारात जुन्या ट्रकचं संग्रहालय आहे. शिवाय जुलैमध्ये तिथे ट्रकवाल्यांची जत्रा भरते, तेव्हा धनी लोक स्वतःचे जुने ट्रक घेऊन येतात, बॉनेट उघडून ठेवतात आणि विचारलं की तासभर बोलतात. माझ्याकडे ३५९ चे बरेच फोटो आहेत. कशाचे हवेत सांगा. लोक समोरून फोटो काढतात, मी आडवा पडून खालून काढतो. बायको ओळख दाखवत नाही.

तुमच्या यादीत एक भर. १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांच्या मर्यादेचा कायदा झाला, डिझेलची टंचाई चालूच होती, आणि सीबी रेडिओचं, म्हणजे ड्रायव्हरांनी आपसात बोलायच्या रेडिओचं, पेव तेव्हाच फुटलं. पोलीस कुठे उभा आहे, डिझेल कुठे मिळतंय, सगळं त्यावर. तेव्हा दोन्ही आरशांच्या दांड्यांवर एकेक ॲंटेना हवाच.

दुसरं म्हणजे छतावरचे पिवळे दिवे. पाचच लावा: मधे तीन जवळजवळ, कडेला एकेक. ती सजावट नाही, कायद्याने लागतात. त्याहून जास्त लावले की तुमचा लेट्यूसवाला नटवा दिसायला लागेल.

टपरीवरचा इंजिनिअर

अटकेपार, खालून काढलेलेच हवेत! पुढच्या ॲक्सलचे आणि गिअरबॉक्सच्या मागच्या आडव्या दांड्यांचे.

नवखा

दादा, मापं कशी काढता? मला दर वेळी कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागतं.

टपरीवरचा इंजिनिअर

१/२५ ची हीच तर गंमत आहे. खऱ्या गाडीवरचा एक इंच मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर होतो. म्हणजे जवळपास इंचाला मिलिमीटर. अमेरिकन ट्रकची सगळी कागदपत्रं इंचात असतात, ती तशीच वर्नियरवर वाचायची. ५ इंची सायलेन्सर पाइपला ५ मिमीची नळी. चासीची बाहेरून बाहेर रुंदी ३४ इंच, म्हणजे ३४.५ मिमी. मागच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ५२ इंच, म्हणजे ५३ मिमीला किंचित कमी. फक्त लांब मापांना तो दीड टक्का विसरायचा नाही. २५० इंचाचे २५० मिमी धरले तर चार मिमीचा फरक पडतो आणि टाकी स्लीपरखाली नीट बसत नाही.

१/२४ चे भाग याच्यात मिसळताना मात्र जपून. चार टक्क्यांचा फरक आरशात किंवा भोंग्यात खपून जातो, चाकात आणि केबिनमध्ये लगेच डोळ्यांत भरतो.

कोथरूडचा पिस्टन

नमस्कार. मी निवृत्त आहे, नोकरीचा मोठा काळ कोथरूडला इंजिनांच्या असेंब्लीत गेला. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ ची. एन मालिकेची इंजिनं पुण्यात बनायची, जनरेटरला आणि खाणीतल्या डंपरना जायची. तुमचं एनटीसी-३५० त्याच घरातलं. ८५५ घनइंच, १४ लिटर, सहा सिलिंडर, बोअर साडेपाच इंच आणि स्ट्रोक सहा. तुम्ही इंजिनावर काय काय दाखवणार आहात?

टपरीवरचा इंजिनिअर

काका, दंडवत! तुमच्यासारखं कोणीतरी भेटावं म्हणूनच इथे लिहितो. किटमधलं इंजिन वापरणार नाही, ब्लॉक वेगळा करतोय. वायरिंग आणि पाइप तांब्याच्या तारेचे. इंधन पंपापासून सहा इंजेक्टरना सहा बारीक नळ्या न्यायच्या असा बेत आहे. जुन्या चार्जरची वायर सोलून आतले तंतू काढून ठेवलेत.

कोथरूडचा पिस्टन

थांबा! त्या सहा नळ्या कमिन्सला लावू नका.

कॅटरपिलर ३४०६ ला शोभतील. तिथे पंपच उच्च दाब तयार करतो आणि प्रत्येक इंजेक्टरला जाडजूड पोलादी नळी जाते. कमिन्सची पीटी पद्धत निराळी. पंप फक्त मध्यम दाबाने इंधन पुढे ढकलतो. ते एकाच नळीने हेडपर्यंत जातं आणि पुढचा प्रवास हेडच्या आतल्या भोकांतून होतो. खरा दाब इंजेक्टरमध्येच तयार होतो, आणि तो कसा, तर कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि रॉकर वरून दाबतात म्हणून. बाहेरून दिसते ती एक पुरवठ्याची नळी आणि टाकीकडे जाणारी एक परतीची. बाकी अंग साफ. कोणी जाणकाराने बॉनेट उचलून सहा नळ्या पाहिल्या तर तो पुढचं काही पाहणारच नाही.

आणखी एक. हेड सलग नाही, तीन आहेत. प्रत्येक दोन सिलिंडरला एक. त्यामुळे वर रॉकर कव्हरही तीन, मधे फटी. या इंजिनाची ओळख म्हणजे त्या तीन पेट्या. एवढं बरोबर जमलं की लांबूनसुद्धा कमिन्स कळतं.

अटकेपार

काका, एक नंबर! माझ्या फोटोंमध्ये आत्ता जाऊन पाहिलं, खरंच एकच नळी आहे. इतकी वर्षं बघतोय, लक्षात आलं नव्हतं.

रेझिनवाली

वाखूसा. कोथरूडच्या काकांसाठीच वाचनखूण.

दादा, माझ्याकडे रेझिन प्रिंटर आहे. रॉकर कव्हरं आणि टर्बो मी काढून देऊ शकते. मापं आणि तीन बाजूंचे फोटो द्या. स्लीपर मात्र प्रिंट करू नका असं सांगेन. सपाट मोठ्या भिंती रेझिनमध्ये हमखास वाकतात. ३६ इंची स्लीपर म्हणजे एक खोकंच, एक मिमी स्टायरिन (प्लास्टिक) शीटमधून कापलं तर जास्त सरळ येईल. रिव्हेटच्या रांगांसाठी रेझिनचे ठिपके असलेली डिकलशीट मिळते.

कोथरूडचा पिस्टन

रेझिनवालीताई, कव्हरं काढण्याआधी यांना विचारा, जेक ब्रेक, म्हणजे इंजिनानेच गाडी रोखायची सोय, आहे का? इंजिनिअरसाहेब, तुमचा मालक रॉकी उतरणार आहे ना?

टपरीवरचा इंजिनिअर

उतरणार काका, आणि भरल्या गाडीने.

कोथरूडचा पिस्टन

मग असणारच. क्लेसी कमिन्स, म्हणजे कंपनीचे संस्थापकच, १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कहोन घाटात ट्रक उतरवत होते. ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रेल्वे फाटकावर गाडी चाललेली. थोडक्यात वाचले. ते डोक्यात ठेवून पुढे उतारवयात त्यांनी इंजिनालाच ब्रेक करायची युक्ती काढली. जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये ती बाजारात आणली. कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा, दाबलेली हवा सोडून द्यायची, म्हणजे पिस्टनला तिचा परत धक्का मिळत नाही आणि गाडी ओढून धरली जाते.

मॉडेलवर याचा अर्थ असा: हेड आणि रॉकर कव्हर यांच्यामध्ये आणखी एक थर येतो, तिन्ही ठिकाणी. इंजिन उंच दिसतं. तो थर वेगळा प्रिंट करा, शिवण दिसली पाहिजे. रंग जुन्या कमिन्सचा फिकट बदामी. पिवळा कॅटरपिलरचा, हिरवा डेट्रॉइटचा.

भोचक भवानी

मला ट्रकमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा धागा सोडवत नाही. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मेघदूत_७१

मी जरा उलट बोलणार. एवढा काटेकोर मालक कशाला? सत्तरच्या दशकात हौशी मालक होतेच की. ८ इंची उंच पाइप, दुरंगी पट्टे, टाक्यांवर आरसा होईल असं पॉलिश. हे सगळं तेव्हाचंच आहे. तुमचा ट्रक सगळा हिशोबीच राहिला तर कस्टम म्हणायचं कशाला? मॉडेल शेवटी कपाटात ठेवायचंय, लेट्यूस वाहायला नाही.

टपरीवरचा इंजिनिअर

मेघदूत, हौसेला माझी हरकत नाही. हौस कोणाची, ते दिसायला हवं एवढंच. एका वर्षात सगळी हौस भागवलेला ट्रक प्रदर्शनातला असतो. राबणाऱ्या गाडीवर ती हप्त्याहप्त्याने येते. म्हणून पाइप ५ इंचीच राहतील, पण बॉनेटच्या कडेला हाताने ओढलेली बारीक दुहेरी रेघ असेल, आणि नाकावर पीटरबिल्टचा पक्षी. टाकीचं पॉलिश पुढून चकचकीत, मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही, तिथे मळकं. दारावर परवान्यांची चिकटपट्ट्यांची गर्दी. प्रत्येक राज्याचा कागद वेगळा असायचा, तेव्हा जितकी राज्यं ओलांडायची तितकी लेबलं.

मेघदूत_७१

मळक्या टाकीसाठी तुम्हाला पूर्ण माफी. तरी माझा ३५९ मी जांभळा करणार.

टपरीवरचा इंजिनिअर

जरूर करा. जांभळ्याचा फोटो टाकल्याशिवाय सोडणार नाही.

चासीचं काम झालं, ते सांगतो. किटची चासी मला हव्या त्या व्हीलबेसची नाही, त्यामुळे लांबवली. दोन्ही पट्ट्या एकाच जागी आडव्या कापल्या तर सांधा तिथेच मोडतो. म्हणून उजवी एका आडव्या दांडीपुढे कापली, डावी दुसरीच्या मागे, आणि काप सरळ न घेता पायरीचा घेतला. मधे स्टायरिनची पट्टी, आणि आतून दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटर पुढे जाईल असा जोड. खऱ्या वर्कशॉपमध्ये आतून जोडपट्टी मारतात, तशीच. त्यामुळे जोड लपवला नाही. त्यावर नट-बोल्टची डोकी बसवली.

चिकटवताना खाली स्वयंपाकघरातली उरलेली चकचकीत लादी. तिच्याइतका सपाट पृष्ठभाग घरात दुसरा नाही. दोन्ही पट्ट्या उलट्या ठेवून गुण्या लावला, वजनाला बॅटऱ्या, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी लादीवर चारी टोकांना कागद सरकवून बघायचा. कागद कुठेच शिरला नाही तर चासी सरळ. चासीला पीळ असला की सहापैकी एक चाक हवेत राहतं, आणि ते नंतर लांबी (पुटी) भरून निस्तरत नाही.

अटकेपार

फोटो पाठवलेत. पुढच्या ॲक्सलकडे नीट बघा. त्यावर ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारे डबे) नाहीत! १९८० च्या मध्याआधी बनलेल्या तीन किंवा जास्त ॲक्सलच्या ट्रकला पुढे ब्रेक असणं सक्तीचं नव्हतं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लॉक होऊन स्टिअरिंग जातं अशी ड्रायव्हर लोकांची समजूत. कित्येकांनी असलेलेसुद्धा काढून टाकले. तुमच्या मालकानेही नसतील घेतले.

नवखा

काय?? पुढे ब्रेकच नाही?

कोथरूडचा पिस्टन

म्हणून तर जेक ब्रेक.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून विचारतो. रंग कुठला मारणार? मी मागच्या पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारला तर वर पांढरट धुकं धरलं, सगळा बॉनेट खडूने पुसल्यासारखा.

रेझिनवाली

हवेतला ओलावा. थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर पाणी धरतं. थोडं असेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा अगदी हलका हात मारल्यावर निघतं. कोकणात पावसाळ्यात लॅकर मारूच नये, ॲक्रिलिक वापरा किंवा सरळ इंजिन-चासीची कामं काढा. मी झाकणाच्या डब्यात जुना पिवळा बल्ब लावते, भाग आधी तिथे तापवते, मग रंग.

टपरीवरचा इंजिनिअर

रेझिनवालीताईंनी सांगितलंय तेच. केबिन गर्द तपकिरी, पट्टे क्रीम. तेही आता दिवाळीनंतर, कोरडी हवा सुटली की.

क्रोमचं म्हणाल तर किटमधलं क्रोम सगळं काढलं. साध्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की उतरतं. मात्र त्याच भांड्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, क्लोरीन वायू होतो. खिडकी उघडी, हातमोजे घालून. क्रोम गेलं की साच्याच्या शिवणी दिसतात. त्या पॉलिश पेपरने घासायच्या, वर तकतकीत काळा, तो पूर्ण वाळला की त्यावर क्रोम रंगाचा पातळ हात. काळ्या थरावर बोटाचा ठसा उमटला तर तो क्रोममधून जसाच्या तसा दिसतो.

सगळंच क्रोम परत नाही करणार. बंपर आणि पाइप क्रोमचे, टाक्या आणि चाकं पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची. दोन्हींची चमक वेगळी, ॲल्युमिनियम किंचित दुधट. टाकीच्या पट्ट्यांना पातळ धातूचा वर्ख चिकटवलाय.

नवखा

दादा, टायर मऊ व्हिनाइलचे आहेत. ते रिमला थेट चढवू का?

रेझिनवाली

नको. व्हिनाइलमधला तेलकट अंश काही वर्षांत स्टायरिन खातो, रिम वितळल्यासारखी होते. जुन्या किटच्या खोक्यात टायर काचेच्या भागांना चिकटून बसलेले बघितले असतील, तोच प्रकार. रिमवर ॲक्रिलिकचा थर किंवा पातळ फॉइल, मग टायर.

मेघदूत_७१

ट्रेलरचं काय ठरलं? घोडा, म्हणजे पुढचा ट्रक, नुसताच उभा करणार?

टपरीवरचा इंजिनिअर

४० फुटी रीफर जोडणार. मॉडेलवर तो एकटाच जवळपास ४८८ मिमी होतो, त्यामुळे कपाटातल्या कप्प्याची वाटाघाट घरी चालू आहे. फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची थाळी) झालंय. किंगपिन (थाळीत अडकणारी ट्रेलरची खुंटी) २ इंची, म्हणून २ मिमीची पितळी तार.

अटकेपार, एक विचारायचं राहिलं. केबिनच्या मागून ट्रेलरला जाणाऱ्या केबली कोणत्या रंगाच्या? हल्लीच्या फोटोंत लाल, निळी आणि हिरवी दिसते.

अटकेपार

लाल आणि निळा हवेचे. लाल पुरवठ्याचा, तो तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. निळा पेडल दाबल्यावरचा. हिरवी केबल विजेची, पण ती एबीएस आल्यानंतरची. तुमच्या १९७४ च्या गाडीला काळी घ्या. जुन्या फोटोंत हवेचे पाइपही पुष्कळदा साधे काळे रबरी आहेत, फक्त टोकाच्या जोडावर लाल-निळा रंग. मी तेच करेन.

टपरीवरचा इंजिनिअर

मग तिन्ही काळे, जोड रंगीत. गिटारची सर्वांत बारीक तार गुंडाळून केलेली स्प्रिंग माझ्याकडे आहे, तिच्यावर टांगतो म्हणजे चासीला घासणार नाहीत. रेझिनवालीताई, कव्हरांची मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीत, जेकचा थर धरून.

रेझिनवाली

मिळाली. रविवारी प्रिंटला लावते. तीन जास्तीची काढते, मेघदूतच्या जांभळ्यालाही लागतील.

मेघदूत_७१

मी डेट्रॉइट लावणार आहे.

कोथरूडचा पिस्टन

मग हिरवा आणि जांभळा. चालू द्या!